पाक आहे, पण सुरक्षित आहे का?

(लोणावळ्यात झालेल्या युवक-युवतींच्या शिबिरातील भाषण, थोडे संपादित करून.)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि अन्नतंत्रज्ञही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तळेगावात राहतो आणि हिंजवडीत नोकरी करतो. एखाद्या यंत्रणेत बिघाड कुठे होऊ शकतो, हे तो होण्याआधी शोधणं ही माझी रोजची भाकरी आहे. संयोजकांनी मला अन्न सुरक्षेवर बोलायला का बोलावलं, असं तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल. माझ्या मते स्वयंपाकघर हीसुद्धा एक यंत्रणाच आहे. तिच्यात बिघाड झाला की संगणक बंद पडत नाही, माणूस आजारी पडतो.

हा विषय किती मोठा आहे, ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली एक अंदाज प्रसिद्ध केला. दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार लोक मरतात. त्यातली सव्वा लाख मुलं पाच वर्षांखालची असतात. मरणाऱ्यांमध्ये लहान मुलांचं प्रमाण इतकं मोठं आहे, कारण जुलाब-उलट्यांनी त्यांच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपण चिक्कीच्या गावात बसलो आहोत. इथून पुण्याला किंवा मुंबईला परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत चिक्कीचा पुडा असतोच. डिसेंबर २०१९ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मगनलाल चिक्कीला कायद्याची पूर्तता होईपर्यंत उत्पादन थांबवायला सांगितलं. तेव्हा अनेकांना धक्का बसला. चिक्की खाऊन कुणी आजारी पडलं, अशी ती बातमी नव्हती. प्रश्न तपासणीचा होता. माल खाण्यास सुरक्षित आहे हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घेतलं आहे का, एवढंच प्रशासन विचारत होतं. आज ती दुकानं सुरू आहेत. तरी त्या घटनेतून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नाव जुनं आहे, चव चांगली आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोक खातात, हे सगळं खरं असलं तरी तो सुरक्षिततेचा पुरावा होत नाही.

चिक्कीत तपासण्यासारखं असतं तरी काय? गूळ आणि शेंगदाणे. चिक्की कोरडी असते, त्यामुळे तिच्यात जिवाणू सहज वाढत नाहीत. धोका शेंगदाण्यात, तो कारखान्यात येण्याआधीच असू शकतो. शेंगदाणा ओलसर जागी साठवला की त्यावर बुरशी येते आणि काही बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. मरणारे बहुतेक गरीब आदिवासी होते. पावसात भिजलेला मका फेकून देणं त्यांना परवडणारं नव्हतं. हे विष भाजल्याने किंवा उकळल्याने पूर्णपणे जात नाही. आणि लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथली हवा चार महिने ओलीच असते. त्यामुळे घरातले शेंगदाणे, खोबरं, मिरची, धान्य पावसाळ्याआधी वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरणं हे मावळातलं जुनं शहाणपण आहे. बुरशी आलेला दाणा बाजूला काढून उरलेले खाऊ नका. तो सगळाच घास टाकून द्यायचा.

आता आपल्या घरातल्या एका समजुतीबद्दल बोलू. अन्न चांगलं आहे की वाईट, हे आपण वासावरून ठरवतो. अम्मी भांड्याचं झाकण काढते, वास घेते आणि म्हणते, "अजून चांगलं आहे, खा." अन्न नासवणारे जिवाणू बहुधा वास देतात. आजारी पाडणाऱ्या जिवाणूंनी वास द्यायलाच हवा असं नाही. धोक्याचं अन्न दिसायला, हुंगायला आणि चाखायला एकदम ताजं वाटू शकतं.

थोडं गणित करू. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. समजा, रमजानमध्ये रात्री दहा वाजता जेवण झालं आणि उरलेला खाना ओट्यावर तसाच राहिला. पहाटे पाचला सहरी. मधे सात तास गेले, म्हणजे दुप्पट होण्याच्या २१ फेऱ्या. एका जिवाणूचे २० लाख ९७ हजार १५२ होतात. खऱ्या स्वयंपाकघरात हा आकडा कमी-जास्त होईल. वेळ वाढली की धोका किती वेगाने वाढतो, हे मात्र यावरून कळतं. पाच अंशांखाली जिवाणूंची वाढ फार मंदावते आणि साठ अंशांच्या वर ती थांबते. मधल्या तापमानात शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कुणी म्हणेल, सकाळी चांगलं गरम करून खाल्लं की झालं. भाताच्या बाबतीत ते पुरेसं नाही. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची बीजं असतात. ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्यांचे जिवाणू होतात आणि त्यांतले काही असं विष सोडतात, जे पुन्हा उकळल्यावरही टिकतं. म्हणजे तुम्ही जिवाणू मारता, विष तसंच राहतं. माणसाच्या नाकात आणि हातावरच्या जखमेत असणारा स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणूही हेच करतो. शिरखुर्मा, फिरनी, मलईची मिठाई हे त्याचे आवडते पदार्थ. तिसरा एक जिवाणू मोठ्या देगेत हळूहळू थंड होणाऱ्या गोश्तात वाढतो. आपली दावत आठवा. देगेतली बिर्याणी, दालचा, वर गोड पदार्थ. या तिघांनाही तिथे आयतं घर मिळतं.

मग दावती बंद करायच्या का? मुळीच नाही. इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायची आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेला अंतराळवीरांसाठी अन्न हवं होतं. अंतराळात कुणाला जुलाब झाले तर काय, विचार करा. अन्न बनवण्याचं काम पिल्सबरी या कंपनीकडे होतं. तयार मालाचे नमुने तपासून खात्री करायची म्हटली, तर इतके नमुने तपासावे लागायचे की खायला फारसं काही उरलंच नसतं. म्हणून त्यांनी पद्धत बदलली. अन्न बनवण्याच्या वाटेवर कुठे कुठे बिघाड होऊ शकतो ते आधी शोधायचं आणि त्याच ठिकाणी लक्ष ठेवायचं. आज जगभरचे अन्न कारखाने या पद्धतीने चालतात. सॉफ्टवेअरमध्येही आम्हाला हेच शिकवलं जातं. चूक शेवटी शोधण्यापेक्षा तिला वाटेतच अडवणं स्वस्त पडतं.

हीच पद्धत दोनशे माणसांच्या वलिम्याला लावून पाहू. पहिली जागा पाणी. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या कार्यालयात टँकर येत असेल, तर ते पाणी पिण्यासाठी उकळलेलं किंवा क्लोरीन टाकलेलं आहे का, हे आदल्या दिवशी विचारा. दुसरी जागा कच्चं गोश्त. ते किती वाजता आलं आणि देगेत जाईपर्यंत कुठे ठेवलं? ज्या सुरीने आणि फळीवर ते कापलं, त्यावरच कोशिंबिरीचा कांदा-काकडी चिरू नये. तिसरी जागा आच. गोश्त आतपर्यंत सत्तर अंशांवर गेलं पाहिजे. अनुभवी भटाऱ्याला ते हाडाजवळच्या मांसाच्या रंगावरून कळतं. तरी दोन-तीनशे रुपयांचं तापमापक घेऊन ठेवलं तर वाईट काय? चौथी जागा घड्याळ. देग उतरली अकराला आणि नवरदेव आला अडीचला, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. अशा वेळी देग निखाऱ्यावर राहिली पाहिजे. पाचवी जागा हात. ज्याला जुलाब लागले आहेत किंवा हाताला जखम आहे, त्या पोराने त्या दिवशी वाढायला उभं राहू नये. त्याला खुर्च्या लावायचं काम द्या.

सहावी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उरलेल्या खान्याचं आपण काय करतो? दुपारची बिर्याणी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या मदरशात, वस्तीत, बांधकामावरच्या मजुरांना पाठवतो आणि सवाब मिळाला म्हणून समाधानाने झोपतो. भावना चांगली आहे, पण हिशेब पाहा. पाहुणे ताजं खाऊन गेले. सहा-आठ तास कोमट पडलेलं अन्न अशा मुलांच्या ताटात गेलं, ज्यांची तब्येत आधीच नाजूक आहे आणि ज्यांच्या आईबापाला दवाखान्याचं बिल परवडत नाही. दान करायचं तर पहिली पंगत उठल्याबरोबर गरमागरम वेगळं काढून पाठवा. किंवा उरलेलं पसरट परातींत पातळ पसरून लवकर थंड करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. जे आपल्या मुलाला देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलालाही द्यायचं नाही. या एका नियमाला कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

कुर्बानीचंही तसंच. २०२५ साली बकरी ईद आणि जागतिक अन्न सुरक्षा दिन दोन्ही एकाच तारखेला, ७ जूनला आले होते. गोश्त काळ्या पिशवीत भरून दिवसभर गाडीवर फिरवणं आणि संध्याकाळी पाच किलोचा गोळा फ्रीजरमध्ये कोंबणं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. एवढ्या गोळ्याचा मधला भाग कितीतरी तास गारच होत नाही. अर्ध्या-एक किलोच्या चपट्या पिशव्या करा. वजडी आणि कलेजी वेगळी ठेवा. आधी दूरच्या घरांचा वाटा पोचवा. आणि मावळातल्या गावांत पावसात वीज जाते हे धरून चाला. साठवायचं तेवढंच, जेवढं सांभाळता येईल. बाकीचं त्याच दिवशी वाटून टाकावं.

पुण्यातली एक ताजी गोष्ट तुम्हाला माहीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. हातापायातलं बळ जातं आणि काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काहींचा मृत्यू झाला. राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. म्हणजे पोटातून गेलेला जंतू माणसाला अंथरुणाला खिळवू शकतो. "दोन दिवस पोट बिघडेल, मग आपोआप बरं होईल," असं प्रत्येक वेळी म्हणता येत नाही.

हाच जिवाणू कोंबडीच्या आतड्यात राहतो. आपल्याकडे चिकन नळाच्या धारेखाली धुण्याची सवय आहे. त्या धारेचे शिंतोडे ओट्यावर, चिरलेल्या कोथिंबिरीवर, ताटांवर उडतात. चिकन धुऊन जिवाणू मरत नाहीत, ते फक्त पसरतात. मरतात ते शिजवल्यावर. रक्त काढण्यासाठी धुणं तुम्हाला गरजेचंच वाटत असेल, तर खोलगट भांड्यात पाणी घेऊन, शिंतोडे न उडवता धुवा. नंतर ते भांडं, मोरी आणि हात साबणाने स्वच्छ करा.

इथे शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो. आपल्या घरात दोन शब्द एकमेकांत मिसळले आहेत, पाक आणि सुरक्षित. हलाल असणं ही आपल्या श्रद्धेची अट आहे. पण हलाल गोश्तावरही जिवाणू वाढतात. त्यांना धर्म नसतो. हलालच्या जोडीला तय्यब, म्हणजे चांगलं आणि निकोप, हा शब्दही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुकानाच्या पाटीवर पहिला शब्द दिसतो, दुसरा फारसा कुणी विचारत नाही.

ही गफलत फक्त आपली नाही, ती या मातीत जुनी आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. त्यावरून गावात मोठा गदारोळ झाला, प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. चहा तर उकळलेला असतो. प्रश्न पाण्याचा नव्हताच, कप कुणी पुढे केला याचा होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले, तेव्हा सनातन्यांनी ते तळं 'शुद्ध' केलं. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप पाण्यात ओतून. शुद्धता आणि स्वच्छता यांचा संबंध तुटला की असं होतं.

आज तेच वेगळ्या रूपात येतं. मुसलमान विक्रेता अन्नात थुंकतो, अशा चित्रफिती आपल्याही मोबाइलवर येतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये भाजीवाल्यांबद्दल काय काय पसरवलं गेलं, ते तुम्हाला आठवत असेल. २०२४ साली उत्तर प्रदेशात आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खानावळींना मालकांची नावं लावायला सांगितलं गेलं. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. अन्न शाकाहारी की मांसाहारी ते सांगा, पण मालकाचं आणि कामगारांचं नाव लावण्याची सक्ती नको, असं न्यायालय म्हणालं.

अशा वेळी आपल्याला राग येतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण रागात दोन गोष्टी घडतात, त्या टाळल्या पाहिजेत. एक, आपल्या एखाद्या हॉटेलच्या अस्वच्छ मोरीबद्दल कुणी बोललं तरी आपण तो कौमवरचा हल्ला समजतो. दोन, आपणही उलट दुसऱ्यांच्या गाड्यांकडे बोट दाखवतो. बहिष्काराला उत्तर बहिष्कार नाही. कुणी खरंच अन्न दूषित केलं, तर कायद्याने त्या माणसाला शिक्षा व्हावी, त्याचं नाव काहीही असो. अन्न कुणी केलं, हा प्रश्न अन्न सुरक्षेच्या शास्त्रात नाही. त्यात चारच प्रश्न आहेत. पाणी कसलं? हात धुतले का? आच किती? वेळ किती? हे प्रश्न भुशी धरणावर भजी तळणाऱ्या ताईला, कार्ल्याच्या पायथ्याच्या खानावळीला, आपल्या मोहल्ल्यातल्या कबाबच्या गाडीला आणि पंचतारांकित रिसॉर्टला सारखेच लागू होतात. हे चार प्रश्न सगळ्यांना सारखे विचारले गेले, तर "कुणी केलं" असं विचारणाऱ्याला जागाच उरत नाही. म्हणून मी म्हणतो, अन्न सुरक्षा हा आपल्यासाठी आरोग्याइतकाच नागरिकत्वाचा विषय आहे.

आता उपाय. कुणाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पहिलं काम क्षारसंजीवनी, म्हणजे ओआरएस. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्यावर हजारो माणसं वाचवली. घरी पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. बाजारात ओआरएसच्या नावाखाली गोड सरबतं विकली जात होती. त्या नावाचा असा वापर करायला ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई झाली. त्यामुळे पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का ते बघूनच घ्या. शौचातून रक्त पडलं, बाळ सुस्त झालं, लघवी थांबली, हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

जाण्याआधी तुमच्याकडून तीन कामं हवी आहेत. तुमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यातल्या एका गाडीवाल्याला अन्न परवान्याची नोंदणी करून द्यावी. लहान विक्रेत्यांची नोंदणी ऑनलाइन होते. दादागिरी करणाऱ्यासमोर तो कागद त्याच्या कामी येईल. त्याच वेळी त्याला सांगा की वडापाव आणि भजी वर्तमानपत्रात बांधणं नियमाने बंद आहे, शाई अन्नात उतरते. दुसरं, तुमच्या घरातल्या पुढच्या दावतीला मी सांगितलेल्या सहा जागांची यादी कागदावर लिहून भटारखान्याच्या भिंतीला लावा आणि प्रत्येक जागेपुढे जबाबदार माणसाचं नाव लिहा. त्यात मुलग्यांची नावंही असू द्या. सगळ्यांच्या पोटाची काळजी बहिणीने आणि अम्मीने एकटीने का वाहायची? तिसरं, कुठे खरोखर गैरप्रकार दिसला, तर चित्रफीत ग्रुपवर टाकू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर तक्रार करा. तक्रार केली तर चौकशी होते. फिरवलेल्या चित्रफितीने कुणाची तरी रोजी जाते, अन्न मात्र तसंच राहतं.

पावसाळा तोंडावर आहे. पुढचे चार महिने मावळात पर्यटकांची गर्दी असेल, इथल्या प्रत्येक गाडीवर हजारो अनोळखी माणसं जेवतील. ती कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची आहेत हे वाढणाऱ्याला माहीत नसतं, आणि खाणाऱ्यालाही वाढणाऱ्याचं नाव ठाऊक नसतं. तरी ते एकमेकांवर भरवसा ठेवून खातात. तो भरवसा टिकवायचं काम आपल्या हातात आहे, आणि हात साबणाने धुण्यापासून ते सुरू होतं.